वर्षावास संपताना कळमनुरी तालुक्यात

पुण्याहून नांदेडकडे जाणारी गाडी सकाळी पूर्णा जंक्शनला सोडली आणि हिंगोलीच्या गाडीची वाट पाहत फलाटावर बसलो. पूर्वी ही छोटी लाईन होती. २००८ साली अकोल्यापर्यंत मोठी लाईन झाली, गाड्या वाढल्या. पण आमच्या वडिलांच्या आठवणीतली, शेतातल्या माणसाशी चार शब्द बोलता येतील इतक्या बेताने चालणारी गाडी मात्र गेली. फलाटावर एक गोष्ट लगेच नजरेत भरली. हिंगोलीच्या दिशेने जाणारे आम्ही मोजकेच होतो. उलट दिशेला जाणाऱ्यांची दाटी होती. गोधडीत बांधलेले बिछाने, पत्र्याच्या पेट्या, बादल्यांत कोंबलेली भांडी आणि त्यावर बसवलेली लेकरे. ही माणसे पाहुणी म्हणून निघालेली नव्हती. पाहुणा बादली बरोबर नेत नाही.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहायचे, पावसात उगवलेले कोवळे अंकुर आणि जीवजंतू पायदळी तुडवायचे नाहीत, हा तथागतांच्या काळापासूनचा नियम. पाऊस थांबला की भिक्खू चारिकेला निघतात. कळमनुरी तालुक्यातील आमच्या मावसभावाच्या गावी गेल्या वर्षी एका भन्तेजींचा वर्षावास होता आणि समाप्तीच्या कार्यक्रमाचे मला निमंत्रण होते. निघताना डोक्यात एवढेच होते. तिथे गेल्यावर समजले की त्या गावात वर्षावास सगळ्यांचाच संपतो. सोयाबीनची काढणी उरकली की भीमनगरातली निम्मी घरे कुलूप लावून ऊसतोडीला किंवा बांधकामावर निघतात, ती थेट चैत्रापर्यंत.

गावाचे नाव मुद्दाम देत नाही. तिथे जे बोलणे झाले ते घरच्या माणसांत झाले. कोणी किती उचल घेतली, कोणाचे लेकरू शाळेतून गळाले, या गोष्टी नावानिशी छापण्याच्या नव्हेत.

हिंगोली जिल्हा तसा वयाने लहान. १ मे १९९९ रोजी तो परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास आणि शंभरातली पंच्याऐंशी माणसे खेड्यात राहणारी. उत्तरेच्या सीमेवर पैनगंगा, मधून कयाधू, दक्षिणेला पूर्णा. गाडी वसमतला थांबली तेव्हा दोन्ही बाजूंना कमरेएवढी हळद हिरवीगार उभी होती. वसमतच्या हळदीचे नाव मोठे आहे. पण हळदीला पाणी लागते आणि पाणी जमिनीच्या धन्याचे असते. हळद काढायची, शिजवायची वेळ येते माघ-फाल्गुनात. तोवर ती काढणारे हात दूरच्या कारखान्यांवर ऊस तोडत असतात, आणि इकडचे शेतकरी मजूर मिळत नाहीत म्हणून कपाळाला हात लावतात.

कळमनुरी तालुक्यात पैनगंगेवर इसापूरचे मोठे धरण आहे. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्प असे त्याचे सरकारी नाव. कालव्याचे पाणी सखल रानांना जाते. आमच्या मावसभावाचे गाव माळावर आहे. तिथून उन्हाळ्यात धरणाच्या पाण्याची चकाकी दिसते असे तो सांगतो. मी गेलो त्या दिवशी आभाळ भरलेले होते, त्यामुळे ती चकाकी माझ्या वाट्याला आली नाही.

वाटेत नर्सीचा फाटा लागतो. संत नामदेवांचे गाव. वारकरी परंपरेशी आपली भांडणे आहेत आणि ती असावीत. औंढ्याच्या देवळातून हाकलल्यावर नामदेवांनी मागच्या बाजूला कीर्तन केले आणि देऊळ फिरले, ही कथा ऐकून माझ्या आजीला हसू येई. ती म्हणे, देऊळ फिरलं, हाकलणारे कुठं फिरले? पण त्या प्रवासात मला नामदेवांची दुसरी बाजू आठवत होती. हा मराठवाड्याच्या भागातला शिंपी पंजाबात गेला आणि घुमानमध्ये राहिला. परक्या मुलखाने त्याला इतके आपले केले की गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्याची पदे घेतली गेली. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन त्या घुमानला भरले. आणि चोखोबा? मंगळवेढ्याच्या तटाच्या कामावर वेठीला धरलेला चोखोबा दरडीखाली मेला, आणि त्याची हाडे ओळखून आणायला नामदेवाला जावे लागले, अशी परंपरागत कथा आहे. कथेतले विठ्ठलनाम बाजूला ठेवा. कामाच्या जागी मेलेल्या मजुराचे हाड ओळखणारा कोणी तरी असावा लागतो, एवढे तिच्यात उरते. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ ज्या तिघांना अर्पण केला, त्यांत चोखामेळा आहे.

गावात पोहोचलो तेव्हा विहाराला पताका लागल्या होत्या. विहार म्हणजे पत्र्याचे छत असलेले एक दालन, समोर ओटा, ओट्यावर पंचशील ध्वज आणि निळा झेंडा. त्रिसरण, पंचशील झाले. उपासिकांनी भन्तेजींना चीवरदान केले. खीरदान झाले. मग भन्तेजींनी पवारणा म्हणजे काय ते सांगितले. वर्षावास संपताना प्रत्येक भिक्खू संघापुढे हात जोडून म्हणतो, माझ्या हातून काही चुकलेले तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल, किंवा तशी शंका आली असेल, तर मला सांगा. ज्येष्ठ भिक्खूही कनिष्ठांपुढे असेच म्हणतो. भन्तेजी म्हणाले, “आज तुम्हीही एकमेकांना सांगा. पण एकेकानं बोला.”

बहुधा त्यांना कल्पना होती. कारण जेवणे झाल्यावर जी बैठक बसली ती दिवे लागल्यावरही उठली नाही.

प्रश्न मूर्तीच्या पैशांचा होता. विहारातली मूर्ती प्लॅस्टरची, तिला एका बाजूला तडा गेला आहे. पंचधातूची मूर्ती आणायची म्हणून तीन वर्षे वर्गणी चालू होती आणि एक लाख साठ हजार रुपये जमले होते. मुख्य म्हणजे हा पैसा ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनीच उचलीतून काढून दिला होता. ज्यांना हे शब्द ठाऊक नसतील त्यांच्यासाठी सांगतो. मुकादम हंगामाआधी जोडप्याला आगाऊ रक्कम देतो ती उचल. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल फिटेपर्यंत कोयता मुकादमाच्या ताब्यात. आजारपणाने एक दिवस चुकला तर तो खाडा, आणि खाड्याचे पैसे कापून जातात. अशा पैशातून मूर्तीची वर्गणी दिली गेली होती.

गावातला एक तरुण, पदवीधर, तालुक्याच्या ठिकाणी ऑनलाइन अर्ज भरण्याचे दुकान चालवतो. तो उठून म्हणाला की मूर्तीची ऑर्डर एक वर्ष पुढे ढकलू आणि त्या पैशातून मागे राहणाऱ्या लेकरांचे सहा महिन्यांचे जेवण बघू. त्याने यादीच आणली होती: एकोणीस मुले. आजी-आजोबांजवळ राहतील, पण दोन घरांत आजी आंधळी आहे आणि एका घरात आजोबाच नाहीत. सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आईबाप स्थलांतर करतात त्या मुलांना गावातच शाळेमार्फत दोन वेळचे जेवण मिळावे, अशी ती चांगली योजना आहे. पण आदल्या वर्षी मंजुरीचा कागद आला तेव्हा लेकरे आईबापांबरोबर निघून महिना उलटला होता. कागद कुठल्या टेबलावर थांबला होता ते कोणाला कळले नाही.

विरोध केला तो गावातल्या सर्वांत जुन्या कार्यकर्त्याने. त्यांना सगळे काका म्हणतात. मी पुण्यातून आलेला, माझ्या मनात तरुणाचीच बाजू होती. पण काकांचे बोलणे ऐकल्यावर मी गप्प झालो.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या, हा इतिहास या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको. नांदेड आणि परभणी या दोन जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली, आणि आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीतच होता. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे शहीद झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, तोपर्यंत सोळा वर्षे गेली होती. काका तेव्हा विशीत होते. घराचे छप्पर गेले, कडबा गेला, आणि ते, आई आणि दोन बहिणी रात्रीतून चालत निघाले. आपल्याच राज्यात, आपल्याच जिल्ह्यात ते निर्वासित झाले.

काका म्हणाले, “त्या टायमाला इथं झेंडा बी लावू देत नव्हते. मूर्ती म्हंजे तुमाला खर्च वाटतो. मला तसं नाही वाटत बाप्पा. धातूची मूर्ती म्हंजे आमी इथंच हावोत, जाळून बी गेलो नाही, असं सांगणं हाय ते.”

तरुणाने विचारले, “काका, तवा तुमी कुठं गेलात?”

“पूर्णेला. रेल्वेत आपली मानसं व्हती. क्वार्टरात एका खोलीत आमी चार घरं. दोन महिने त्या मावशीनं आमाला भाकर घातली. नात्याची नव्हती ती.”

“मंग पूर्णेला मूर्ती बघून गेलात का माणसं बघून?”

दालनात कोणी हलले नाही. काका बराच वेळ जमिनीकडे बघत होते. मग म्हणाले, “मानसं बघून गेलो. पन ती मानसं भेटली विहारातच. सकाळी तिथंच जाऊन बसलो व्हतो.”

मला वाटते, दोघेही खरे बोलत होते, आणि म्हणूनच तो वाद लवकर सुटणारा नव्हता.

मग एक बाई उभी राहिली. पस्तिशीची असेल. नवऱ्याबरोबर अकरा हंगाम पश्चिम महाराष्ट्रात तोडीला गेलेली. ती म्हणाली, “आमी नव्या गावाला उतरलो की कोपी घालायच्या आधी काय बघतो ठावं हाय? निळा झेंडा. दिसला की जीव खाली बसतो.” मग तिने दोन गावांच्या गोष्टी सांगितल्या. एका गावात रात्री तिच्या जावेला कळा सुरू झाल्या. मुकादमाचा फोन लागेना. तिचा नवरा झेंडा बघून ठेवलेल्या वस्तीत धावत गेला. तिथल्या महिला मंडळाच्या दोन बायका टमटम घेऊन आल्या, सरकारी दवाखान्यात पहाटेपर्यंत बसल्या, आणि पुढे रोज कोणी ना कोणी डबा आणला. त्या बायकांशी आजही तिचे फोनवर बोलणे आहे. दुसऱ्या गावात विहार मोठा होता, संगमरवरी. सहा डिसेंबरला ती लेकरांना धुऊन-पुसून, पांढरी साडी नेसून अभिवादनाला गेली. दारातल्या माणसाने विचारले, “तुम्ही ऊसतोडवाले ना? मागं बसा.” वंदना झाल्यावर सगळ्यांना चहा मिळाला, यांच्यापर्यंत पेला आला नाही.

“दुसऱ्यांनी केलं असतं तर भांडले असते,” ती म्हणाली. “आपल्याच माणसाला काय म्हणावं?”

ही गोष्ट आपल्या शहरातल्या, कारखान्याच्या गावातल्या वाचकांनी नीट ऐकावी म्हणून मी इथे लिहितो आहे. नोकरी लागलेल्या, घर बांधलेल्या आपल्या माणसांना नव्याने आलेल्या मराठवाड्याच्या माणसाची भाषा गावंढळ वाटते, त्याच्या कोपीचा वास येतो. माझ्या वडिलांना पुण्यात पहिली खोली मिळवून देणारा माणूस गिरणीत झाडूवाला होता. आम्ही त्याचे नाव घरात काढतो, पण त्याच्यासारखे वागतो का, हा प्रश्न त्या रात्री मला टोचत राहिला.

कोकणातल्या आपल्या बांधवांनी मुंबईत हे काम कसे केले ते आठवावे. बीडीडी चाळींत एकेका गावाच्या गावकीच्या खोल्या असत. गावाहून आलेला पोरगा ट्रंक घेऊन तिथेच उतरे. वळकटी टाकायला जागा, खानावळीची ओळख, गिरणीत किंवा गोदीत चिकटवून देणारा कोणी गाववाला, असे सगळे तिथे होते. बौद्धजन पंचायत समितीच्या शाखा लग्न, नामकरण, अंत्यविधी, भांडण-तंटा सगळ्यांत उभ्या राहत आल्या आहेत. मराठवाड्यातली माणसे मोठ्या संख्येने बाहेर पडली ती १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर. त्यांना अशी विणलेली गावकी मिळाली नाही. जे नातेवाईक आधी पोहोचले होते त्यांच्या झोपडीशेजारी झोपडी पडली. ऊसतोडीचे तर आणखी अवघड. तिथे गाव दर महिन्याला बदलते. मुळे धरायला वेळच नाही.

बाबासाहेबांनी ही गरज फार आधी ओळखली होती. बहिष्कृत हितकारिणी सभा २० जुलै १९२४ रोजी स्थापन झाली आणि ४ जानेवारी १९२५ रोजी तिने सोलापूरला वसतिगृह उघडले. शिक्षणासाठी शहरात आलेल्या पोराला आधी झोपायला जागा आणि ताटात भाकर हवी, हे त्यामागचे साधे गणित. १९५० साली औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय निघाले. पुढे त्याचेच मिलिंद महाविद्यालय झाले. निजामी मुलखातल्या खेड्यांतून, आमच्या परभणी-हिंगोलीच्या भागातूनही, पोरे नागसेनवनात पोहोचली. आज भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना ती मदत करते. २०१६-१७ पासून ती चालू आहे. सुरुवातीचे दर वर्षाला मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ६० हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार असे होते. गावातल्या बैठकीत ही योजना किती जणांना माहीत आहे असे मी विचारले. तीन हात वर झाले. त्यांतला एक त्या दुकानदार तरुणाचा.

त्या तरुणाकडे दुसऱ्या दिवशी मी तास-दोन तास बसलो. स्थलांतर म्हटले की आपल्याला गाठोडे दिसते. त्याला कागद दिसतात. तो म्हणाला, “काका, मानूस जातो. त्याचा कागद इथंच राहतो, आणि कागदाशिवाय तिथं तो कोणीच नसतो.”

जातीच्या दाखल्याचेच पाहा. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० रोजी पूर्वज कुठे राहत होते ते दाखवावे लागते, आणि दाखला त्या ठिकाणच्या अधिकाऱ्याकडून मिळतो. तीस वर्षे पुण्यात राहिलेल्या माणसाच्या, पुण्यातच जन्मलेल्या मुलीला बारावीनंतर कळमनुरीला यावे लागते. आणि १९५० साली हा मुलूख हैदराबाद संस्थानातून नुकताच सुटलेला. जुनी दप्तरे उर्दूत. आजोबा शाळेत गेलेच नाहीत, मग शाळेची नोंद कुठून येणार? गावाच्या दप्तरात नाव सापडले तर ते वाचणार कोण? तालुक्याच्या ठिकाणी एक निवृत्त मुस्लिम गुरुजी आहेत. ते अशा नोंदी वाचून देतात आणि चहापलीकडे काही घेत नाहीत. त्यात दीक्षेनंतरच्या नोंदी निरनिराळ्या: एका भावाच्या दाखल्यावर ‘बौद्ध’, दुसऱ्याच्या ‘नवबौद्ध’, तिसऱ्याच्या ‘हिंदू महार’. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० सालच्या दुरुस्तीने मिळाल्या, त्याआधी गुरुजींनी आणि पालकांनी घाबरून काय काय लिहून ठेवले ते आजही निस्तरावे लागते. वडिलांचे किंवा रक्ताच्या नातेवाइकाचे वैधता प्रमाणपत्र असेल तर काम सोपे होते. म्हणून हा तरुण प्रत्येक भावकीत आधी एकाचे वैधता प्रमाणपत्र काढून घ्यायला लावतो.

हैदराबादला बांधकामावर जाणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. १९५६ पर्यंत हैदराबाद हीच आमची राजधानी होती. आज तिथे जाऊन राहिलेल्या कळमनुरीच्या बौद्धाच्या मुलाला तेलंगणाच्या राज्याच्या आरक्षणात स्थान नाही. एका राज्यातली अनुसूचित जात दुसऱ्या राज्यात सोबत नेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली ठरवले. सीमा सरकली आणि आजोबांच्या राजधानीत नातू परका झाला.

राज्यातल्या राज्यात जाणाऱ्याचा निराळाच पेच. १९७९ साली स्थलांतरित मजुरांसाठी केंद्राने कायदा केला तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांपुरता. हिंगोलीहून कोल्हापूरकडे शेकडो किलोमीटर गेलेला कोयता त्यात बसलाच नाही.

रेशनचे मात्र सुधारले आहे. आधार जोडलेले असेल तर आता देशात कुठल्याही रास्त भाव दुकानात आपल्या वाट्याचे धान्य उचलता येते, आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना त्यांचा वाटा गावात घेता येतो. पण दुकानदार म्हणतो मशीन चालत नाही, आणि कोपीतला माणूस भांडायला एक दिवसाचा खाडा करू शकत नाही. शाळेचेही तसेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. स्थलांतरित मुलासाठी शिक्षण हमी कार्डही आहे. मुलाच्या आईला हे ठाऊक नसते. कधी कधी मुख्याध्यापकांनाही नसते. अशा वेळी त्या गावातला, तिथली भाषा बोलणारा, शर्टाला इस्त्री असलेला एक माणूस सोबत गेला तर दहा मिनिटांत काम होते. बाकी सगळ्या योजनांच्या मुळाशी हा सोबत जाणारा माणूस आहे, आणि त्याच्यासाठी कुठल्याही खात्यात पद नाही.

गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी बौद्ध निर्वासितांची वसाहत आहे, १९७२ पासूनची. परक्या देशातून आलेली माणसे, पण त्यांना जमीन मिळाली, शाळा, सहकारी संस्था, गोम्पा आणि वसाहतीचे काम बघणारा अधिकारी आहे. थंडीत विदर्भ-मराठवाड्याच्या शहरांत स्वेटर विकायला बसणारे तिबेटी हंगाम संपला की आपल्या वसाहतीत परततात, आणि कोण कुठे आहे ते वसाहतीला ठाऊक असते. त्यांचा हेवा करावा असे त्यांचे दुःख लहान नाही. देश गमावलेली माणसे ती. पण २०२० च्या टाळेबंदीत आमच्या मजुरांचे काय झाले ते आठवा. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळावर झोपलेले मध्य प्रदेशातले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. कळमनुरीच्या माळावरची माणसेही त्या दिवसांत कुठून कुठून चालत होती. गावाजवळ कोण कुठे आहे याची एकही वही नव्हती.

ती वही आता आहे. बैठकीतून निघालेली सर्वांत ठोस गोष्ट मला तीच वाटते. शाळेची शंभर पानी वही, विहारात मूर्तीच्या पायाशी ठेवलेली. घरातले कोण गेले, कुठल्या कारखान्याला, मुकादम कोण, फोन कोणता, मागे कोण राहिले, रेशनचा कोणाचा वाटा कुठे उचलायचा, लेकरू कुठल्या इयत्तेत. शेवटच्या रकान्यावर मात्र वाद झाला. तरुणाने तिथे लिहिले होते, ‘तेथील आपले माणूस’. सत्तावीस घरांपैकी नऊ घरांनाच तो रकाना भरता आला. उरलेल्या जागा मोकळ्या आहेत. त्या वाचकांपैकी कोणी भरू शकत असेल तर या साप्ताहिकाच्या कचेरीमार्फत कळवावे.

पैशांचे असे ठरले की मूर्ती एक वर्ष पुढे, आणि साठ हजार रुपये लेकरांच्या जेवणाला. सरकारी मंजुरी वेळेवर आली तर उरलेले पैसे परत मूर्तीच्या खात्यात. विहारामागच्या पडवीत चूल, आणि गावातल्या दोन एकट्या बायका मजुरी घेऊन स्वयंपाक करणार. काका या निर्णयाला हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. रात्री ते न बोलता घरी गेले. सकाळी मी दात घासत ओट्यावर उभा होतो तेव्हा ते नातवाच्या सायकलवर ज्वारीचे पोते लादून विहाराकडे येताना दिसले. त्यांना गायरानाची दोन एकर जमीन आहे. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या लढ्यापासून गायरान कसण्याची हिंमत आमच्या माणसांत आली, आणि १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाल्यावर काहींची नावे लागली. नाव लागलेल्या घरांतून तोडीला जाणारी माणसे कमी आहेत, हे मी वहीत मोजून पाहिले: सहापैकी एकच घर जाते.

तिसऱ्या दिवशी पहाटे ट्रक आला. मागे बैलगाड्या नव्हत्या. ही टोळी डोक्यावर मोळ्या वाहणारी. पेट्या, सरपण, पीठ, दोन शेळ्या चढल्या. भन्तेजीही निघाले होते, त्यांना हिंगोलीची एस. टी. धरायची होती. ट्रकमधल्या म्हाताऱ्याने त्यांना हात जोडले आणि हसून म्हणाला, “भन्ते, तुमची चारिका अन् आमची, एकाच दिवशी.” भन्तेजी हसले नाहीत. ते ट्रक हलेपर्यंत थांबून राहिले.

झेंड्याची गोष्ट सांगणारी बाई शेवटी चढली. तिचा सात वर्षांचा मुलगा यंदा पहिल्यांदाच मागे राहणार होता. तो पडवीच्या खांबाला धरून उभा होता, रडत नव्हता. ट्रक चालू झाला आणि ती ओरडून खाली उतरली. मुकादम वरून काहीतरी बोलला. ती धावत पडवीत आली, स्वयंपाक करणार होत्या त्या दोन बायकांपैकी एकीचा दंड धरला आणि म्हणाली, “मावशे, त्याला वांग्याची भाजी नको घालू. अंगावर पुरळ येतं त्याच्या. वहीत लिहायचं राहिलं.”